लोकनकाशावर रेल्वेस्थानकाची नोंद

(केंद्रस्तरीय शिक्षक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परिसर अभ्यासाची नवी साधने’ असा भारदस्त विषय छापलेला आहे. विषय फार मोठा आणि वेळ पाऊण तासाचा. म्हणून त्यातील एकच लहानसा कोपरा मी आज आपणांपुढे उघडणार आहे. सर्वांनी मिळून तयार केलेल्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या नकाशावर आपल्या गावाजवळचे रेल्वेस्थानक कसे नोंदावे, एवढाच तो कोपरा.

मागच्या बाकांवर कुजबुज झालेली मला ऐकू आली. ‘आणखी एक काम!’ हीच ती कुजबुज असणार. मी वीस वर्षांहून अधिक काळ वर्गावर शिकवले आहे आणि अशी कुजबुज मी स्वतः पुष्कळ केली आहे. तेव्हा आरंभीच सांगतो, या कामासाठी कोणताही नमुना भरावयाचा नाही, कोणतीही नोंदवही ठेवावयाची नाही आणि तपासणीच्या वेळी याबद्दल कोणी विचारणार नाही. ज्यांना गोडी वाटेल त्यांनीच हे करावे.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका दुःखद म्हणता म्हणता सुखरूप पार पडलेल्या प्रसंगामुळे. आपल्याकडील एका हॉल्टजवळ रुळांपलीकडे एक वस्ती आहे. तेथील एका बाईस रात्री कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेण्यासाठी वाहन बोलावले. चालक परगावचा. त्याने मोबाइलमधील नकाशा पाहिला आणि त्यात दाखविलेल्या वाटेने तो रेल्वेफाटकापाशी आला. परंतु ते फाटक तेथे होतेच कोठे? देशातील रुंदमापी लोहमार्गांवरील चौकीदार नसलेली सारी फाटके 2019 सालच्या जानेवारीअखेर बंद करण्यात आली, हे आपण जाणता. त्यांच्या जागी ठिकठिकाणी रुळांखालून भुयारी रस्ते झाले. आपल्या हॉल्टजवळचा भुयारी रस्ता फाटकापासून बराच दूर आहे. नकाशात फाटक शिल्लक होते आणि भुयारी रस्त्याचा पत्ता नव्हता. चालक मागे फिरला, विचारीत विचारीत पलीकडे पोहोचला. बाई वाहनातच बाळंत झाली. आई व मूल दोघेही सुखरूप राहिली. नकाशा कोणता आणि वाहन कोणाचे, हे सांगण्यात काही हशील नाही. मला टोचणी लागली ती वेगळ्याच गोष्टीची. त्या वस्तीतील शाळेतील चौथीच्या प्रत्येक मुलाला फाटक बंद झाल्याचे ठाऊक होते. गावाला ठाऊक असलेली गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती, आणि ती नकाशाला सांगण्याचा काही मार्ग आहे, हे आम्हां शिकलेल्या मंडळींपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

तो मार्ग मला दाखविला माझ्या भाचीने, मुंबईत वाकोल्यास. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तेथे गेली त्यास आता पुष्कळ वर्षे झाली. 2024 सालच्या दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेलो होतो. फराळ करता करता मी वरील हकीगत सांगितली. तशी भाची म्हणाली, “मामा, नकाशा चुकला तर तुम्ही दुरुस्त का नाही केलात?” मी म्हणालो, “अगं, नकाशा दुरुस्त करणारा मी कोण? ते सर्वेक्षण खात्याचे काम.” तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हटले, “हा बघा. हा कोणा एकाचा नाही. ज्याला जे ठाऊक, ते त्यानं यात भरायचं.”

हा जो नकाशा, त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. मी त्यास आपल्या सोयीसाठी ‘लोकनकाशा’ म्हणतो. 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने त्याचा आरंभ केला. त्या देशात सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे उत्तम, परंतु ते वापरावयाचे तर पैसे व परवानगी लागे. तेव्हा लोकांनी स्वतः रस्तोरस्ती हिंडून आपला नकाशा आपणच काढावा, अशी ती कल्पना होती. विकिपीडिया हा ज्ञानकोश जसा अनेकांच्या हातांनी लिहिला जातो, तद्वत हा नकाशा अनेकांच्या पायांनी काढला जातो. 2006 साली त्याची देखभाल करणारी एक संस्था स्थापन झाली. नकाशातील माहिती कोणीही विनामूल्य घ्यावी, वापरावी, छापावी. अट एवढीच की ती कोठून घेतली हे सांगावे, आणि तिच्यात भर घालून ती प्रसिद्ध केली तर ती भरही तशीच खुली ठेवावी. 2010 साली हैती देशात भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून तेथील रस्ते याच नकाशावर काढून मदतपथकांच्या हाती दिले. तेव्हापासून या नकाशाचे महत्त्व सर्वांस पटले.

आपल्या देशात नकाशाचे काम दीर्घकाळ सरकारी खात्याकडेच होते. भारतीय सर्वेक्षण विभाग 1767 सालापासूनचा. त्याची थोरवी मी कमी लेखीत नाही. परंतु त्या परंपरेमुळे नकाशा म्हणजे वरून येणारी वस्तू, आपण फक्त तो भिंतीवर टांगावा, अशी आपली समजूत होऊन बसली. 2021 सालच्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशाविषयक माहिती गोळा करण्याचे व वापरण्याचे नियम पुष्कळ सैल केले. काही संवेदनशील बाबी अर्थातच वर्ज्य आहेत, त्याबद्दल पुढे सांगेन.

आता वाकोल्याचा प्रसंग. तो माझ्या फजितीचा असल्यामुळे सविस्तर सांगणे मला भाग आहे.

ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. पश्चिम रेल्वेचा उपनगरी मार्ग दक्षिणोत्तर जातो. त्यावर सांताक्रूझ स्थानक. स्थानकाच्या पूर्वेस बाहेर पडून चालू लागले म्हणजे पश्चिम द्रुतगती महामार्ग लागतो आणि त्याच्या आसपास वाकोल्याची दाट वस्ती. एके काळी तो स्वतंत्र गाव होता. आता गावाचे नाव रस्त्यांना, पुलाला आणि मिठी नदीला मिळणाऱ्या नाल्याला उरले आहे. माणसे ‘कोठे राहता?’ म्हटल्यावर वाकोला सांगतात, पण ‘कोठे उतरता?’ म्हटल्यावर सांताक्रूझ सांगतात. वाकोला नावाचे रेल्वेस्थानक नाही.

भाचीने मला खाते उघडून दिले आणि ती आपल्या कामास लागली. मी नकाशावर सांताक्रूझ शोधले, तो काय! एक सांताक्रूझ रुळांवर, आणि दुसरे सांताक्रूझ तेथून दूर पूर्वेस. मी उपग्रहचित्र लावून पाहिले. त्या दुसऱ्या ठिकाणी रूळ नाहीत, फलाट नाहीत, रस्त्यावाचून काही दिसेना. मी मनाशी म्हटले, पाहा, कोणीतरी अजाण माणसाने एकाच स्थानकाची दोनदा नोंद केली. तीस-पस्तीस वर्षे वह्या तपासलेला हात तो, लगेच चालला. मी तो दुसरा बिंदू पुसून टाकला, आणि टिपणाच्या चौकटीत ‘दुबार नोंद काढली’ असे लिहून समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप आला. लिहिणारा कोण, कोठला, मला ठाऊक नाही. त्या नकाशावर काम करणाऱ्यांपैकी कोणी एक. त्याने रागाचा शब्द लिहिला नव्हता. नव्या माणसाचे स्वागत केले होते आणि खाली एकच प्रश्न विचारला होता : ‘आपण त्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन आला आहात काय?’

मी गेलो नव्हतो. बहिणीच्या घरापासून चालत जाण्याइतके ते ठिकाण, आणि मी गेलो नव्हतो. भाचीस सोबत घेऊन निघालो. तेथे पोहोचतो तो भुयारी मेट्रोचे प्रवेशद्वार! आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा मेट्रो क्रमांक तीनचा पहिला टप्पा 2024 सालच्या ऑक्टोबरात, म्हणजे माझ्या येण्याच्या आधी काही आठवडे, सुरू झाला होता. त्याच्या दहा स्थानकांपैकी एकाचे नाव सांताक्रूझ. मेट्रो सुरू झाल्याचे मी वर्तमानपत्रात वाचले होते. परंतु नाव तेच असून जागा निराळी असेल, हे माझ्या ध्यानात आले नाही. आणि जमिनीखालचे स्थानक आकाशातून काढलेल्या चित्रात दिसावे तरी कसे? (पुढे 2025 सालच्या ऑक्टोबरात ही मेट्रो कफ परेडपर्यंत गेली.)

भाची हसत म्हणाली, “मामा, तुम्ही अख्खं स्टेशन पुसलंत!” तोपर्यंत त्या अनोळखी गृहस्थाने ते पूर्ववत केलेही होते. या नकाशाची ही सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. प्रत्येक फेरफार कोणी, केव्हा, काय म्हणून केला याची नोंद राहते आणि चुकलेला फेरफार मागे घेता येतो. म्हणून नवशिक्याने भिऊ नये. मात्र पुसण्यापूर्वी दहादा विचार करावा. आपणांस दिसत नाही म्हणून ती वस्तू नाही, असे होत नाही. मी त्या गृहस्थास क्षमा मागणारा निरोप लिहिला; त्यावर त्याने मेट्रोची प्रवेशद्वारे कोणकोणत्या बाजूंस आहेत ते पाहून नोंदवावीत, असे सुचविले. शिक्षा म्हणून गृहपाठ मिळाला म्हणा ना. तो मी त्या सुटीत पुरा केला.

आता नोंद कशी होते ते पाहू.

या नकाशात वस्तू दाखविण्याच्या रीती मूलतः तीन : बिंदू, रेघ आणि संबंध. खांब, दरवाजा, लहान स्थानक हे बिंदू. रस्ता, रूळ, नाला ही रेघ. आणि रेघ फिरून आरंभाशी मिळाली म्हणजे तिचे क्षेत्र होते, जसे फलाट, इमारत, तळे. अनेक वस्तूंना एका नात्याने बांधणे म्हणजे संबंध, जसे एका गाडीचा संपूर्ण मार्ग. भूमिती शिकविणाऱ्यांना यात नवे काही नाही. प्रत्येक वस्तूस खूणपट्ट्या जोडावयाच्या असतात; तेथे त्यांस टॅग म्हणतात. पट्टीचे दोन भाग : डावीकडे गुणाचे नाव, उजवीकडे त्याचे मूल्य. ‘रेल्वे’ या गुणापुढे ‘स्टेशन’ असे मूल्य घातले की बिंदू स्थानक होतो. या पट्ट्या रोमन लिपीत असतात, परंतु बहुतेक ठिकाणी सूचीतून निवडावयाच्या असल्यामुळे हाताने लिहाव्या लागत नाहीत.

पहिला प्रश्न येतो तो स्थानक की हॉल्ट हा. ग्रामीण भागात या भेदाला महत्त्व आहे. जेथे सांधे आहेत, गाड्या एका रुळावरून दुसऱ्यावर घेता येतात, ते स्थानक. जेथे गाडी केवळ थांबते, फलाट लहान आणि तिकिटे बहुधा कमिशनवर नेमलेला गावातील माणूस विकतो, तो हॉल्ट. नकाशातही दोन्हींसाठी निरनिराळ्या पट्ट्या आहेत. हॉल्टला स्थानक म्हटल्याने गावाची प्रतिष्ठा वाढत नाही. उलट एखादा प्रवासी न थांबणाऱ्या गाडीची वाट पाहत बसतो.

दुसरा प्रश्न नावाचा. येथे आम्हां मराठी शिक्षकांचे खरे काम आहे. मुंबईकडील स्थानकांच्या पाट्या मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत असतात, आणि तिन्ही नावे नेहमी सारखी नसतात. मराठीत वांद्रे, तर हिंदीत बान्द्रा. मराठीत शीव, हिंदीत सायन. आता ‘शीव’ म्हणजे सीमा. मुंबई बेटाची ती शीव होती, हे मराठी नाव पाहिल्याबरोबर मुलाला कळते. ‘सायन’ या अक्षरांतून काय कळणार? लोकनकाशात मुख्य नावाखेरीज प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र रकाना असतो. मराठीचा रकाना रिकामा असेल तर नकाशा वापरणाऱ्यास मराठी नाव दिसत नाही. अनेक लहान स्थानकांचा हा रकाना रिकामा मी पाहिला आहे. तो भरण्यास इंग्लंडचा कोणी येणार नाही. भरताना मात्र पाटीवरील अक्षरे जशीच्या तशी उतरावीत. नेरळ आणि नेरूळ यांत एका उकाराचा फरक. एक माथेरानच्या पायथ्याशी, दुसरे नवी मुंबईत. बेलापूर म्हणाल तर एक नवी मुंबईतील, आणि दुसरे अहिल्यानगर जिल्ह्यातील, श्रीरामपूर शहराचे स्थानक ज्या नावाने दीर्घकाळ ओळखले जात आले ते. म्हणून नावासोबत रेल्वेचा संकेतही नोंदावा. दादरला मध्य व पश्चिम अशा दोन रेल्वे असल्याने संकेतही दोन आहेत.

नावांच्या बाबतीत एक पथ्य सांगतो, कारण यात भावना गुंततात. नकाशात आज पाटीवर जे आहे ते लिहावयाचे. आपल्याला जे असावेसे वाटते ते नव्हे. व्हिक्टोरिया टर्मिनस 1996 साली छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि 2017 साली त्यात ‘महाराज’ हा शब्द आला. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी 2018 सालच्या जुलैत झाले. अशा वेळी नवे नाव मुख्य रकान्यात येते आणि जुने पुसून न टाकता ‘जुने नाव’ या रकान्यात जाते, म्हणजे जुन्या नावाने शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही ते सापडते. 2024 साली महाराष्ट्र विधिमंडळाने मुंबईतील करी रोड, सँडहर्स्ट रोड, मरीन लाइन्स, चर्नी रोड आदी स्थानकांची नावे बदलण्याचा ठराव संमत केला. ठराव झाला म्हणून त्या रात्री नकाशा बदलावयाचा नसतो. केंद्राची संमती येते, अधिसूचना निघते, पाटी बदलते, मग नकाशा बदलतो. हा क्रम सातवीच्या नागरिकशास्त्राच्या तासाला उत्तम उदाहरण म्हणून वापरता येईल.

फलाटांविषयी फार बोलत नाही. प्रत्येक फलाट स्वतंत्र काढावा आणि त्यास क्रमांक द्यावा. क्रमांकही बदलतात : दादर येथे दोन्ही रेल्वेंचे फलाट एक पासून मोजले जात असल्याने नवखा माणूस हमखास फसे. 2023 सालच्या डिसेंबरात मध्य रेल्वेकडील फलाटांस आठपासून चौदापर्यंत क्रमांक देऊन ती अडचण दूर करण्यात आली. तेव्हा नकाशातही ते आकडे कोणीतरी बदलावे लागले असतील. असे बारीक काम रोज कोणीतरी करीत असते, आणि त्याचे नाव कोठे छापून येत नाही.

पण माझ्या मते स्थानकाच्या नोंदीत सर्वांत मोलाचे असतात ते त्याचे रस्ते. पादचारी पूल कोठून कोठे जातो, त्यास जिना आहे की उतार, पायऱ्या न चढू शकणाऱ्या माणसासाठी लिफ्ट आहे काय, गावाच्या बाजूने आत येण्याची वाट कोणती. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड व परळ यांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मृत्युमुखी पडली. नकाशाने ती वाचली असती असे मी म्हणणार नाही. तथापि स्थानक म्हणजे नुसता एक ठिपका नव्हे, त्यातून माणसे आत-बाहेर कशी होतात हे त्याचे खरे स्वरूप, ही गोष्ट त्या दिवशी सर्वांच्या लक्षात आली. माझ्या बहिणीच्या सासूबाई चाकाच्या खुर्चीवर असतात. त्यांना गाडीने न्यावयाचे असेल तेव्हा घरातील मंडळी ‘स्थानक किती दूर’ असे विचारीतच नाहीत; ‘चढायला जागा कोठे’ असे विचारतात. लोकनकाशात चाकाच्या खुर्चीसाठीही एक पट्टी आहे : होय, नाही, किंवा काही अंशी.

ग्रामीण स्थानकावर आणखी एक गोष्ट मिळते. पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. मी कित्येक वर्षे ती पाटी पाहिली आणि वर्गात कधी वापरली नाही, याची मला आता खंत वाटते. ‘समुद्रसपाटीपासून उंची’ हा शब्द आपण फळ्यावर लिहितो आणि मुले पाठ करतात. आपल्या स्थानकाचा आकडा आणि पुढच्या स्थानकाचा आकडा शेजारी ठेवा, मग गाडी चढत जाते की उतरत जाते हे मूल स्वतः सांगेल. ही उंचीदेखील नकाशात नोंदता येते.

आता काय करू नये ते थोडक्यात. दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या नकाशावरून नावे वा जागा उतरून घेऊ नयेत. तो नकाशा मोबाइलवर फुकट दिसतो म्हणून त्यातील माहिती आपल्या मालकीची होत नाही; वर्गात शेजाऱ्याच्या वहीतून उतरविणे जसे, तसेच ते. ज्या उपग्रहचित्रांना परवानगी आहे ती संपादनाच्या पडद्यावरच दिलेली असतात, तेवढीच वापरावीत. आणि तीही कधीकधी काही मीटर सरकलेली असतात. पत्र्याच्या छताखाली, पुलाखाली मोबाइलने दाखविलेली जागा चुकते. मोकळ्या जागी येऊन पुन्हा पाहावी. लष्करी जागांच्या आतील तपशील नोंदण्याच्या फंदात पडू नये. वाकोल्याजवळ कलिन्यास लष्कराची जागा आहे, तेथे मी कुंपणाबाहेरच्या सार्वजनिक रस्त्यावरच थांबलो. माणसांची नावे, घरांचे मालक, फोन क्रमांक नकाशात घालावयाचे नाहीत.

आणि सर्वांत कडक पथ्य : मुलांना रुळांजवळ न्यावयाचे नाही. फलाटावर जावयाचे झाल्यास स्टेशनमास्तरांना आधी भेटावे, फलाट तिकीट काढावे, मुले दोन ओळींत फलाटाच्या भिंतीकडच्या बाजूस ठेवावीत, आणि दर दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. रूळ ओलांडून ‘पलीकडून मोजून येतो’ म्हणणाऱ्या उत्साही विद्यार्थ्यास तेथेच रोखावे. खाते शिक्षकाच्या नावाने असावे, मुलांची खाती उघडू नयेत. मुलांनी कागदावर काढावे, शिक्षकाने तपासून नकाशात भरावे.

हे कागदावरचे काम मला फार आवडते. शाळेत इंटरनेट चालत नाही अशी तक्रार होईल, आणि ती खरीही आहे. तर असे करावे : ज्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जाणे होईल त्या दिवशी आपल्या स्थानकाभोवतीच्या भागाचा नकाशा छापून आणावा. त्याच्या चार प्रती मुलांच्या चार गटांस द्याव्यात. एका गटाने गावाकडून येणारी वाट पाहावी, दुसऱ्याने पाट्या उतराव्यात, तिसऱ्याने पाण्याचा नळ, बाक, छप्पर, तिकीटखिडकी मोजावी, चौथ्याने जुने फाटक, भुयारी रस्ता व पावसात तेथे पाणी साचते काय हे गावकऱ्यांना विचारावे. मग वर्गात चारही कागद एकत्र लावावेत. मुले भांडतील, कारण दोन गटांचे म्हणणे जुळणार नाही. भांडू द्यावे, आणि पुन्हा पाहून यावयास सांगावे. आमच्या एका शाळेत ‘नळ आहे’ व ‘नळ नाही’ यावर दोन दिवस वाद चालला. अखेर नळ होता, पण त्यास पाणी नव्हते, असे निघाले. त्याचीही नोंद करण्याची सोय नकाशात आहे.

ज्यांच्या भागातील रेल्वे बंद झाली आहे त्यांनी निराश होऊ नये. 1867 साली मुंबईत विरारहून पहिली उपनगरी गाडी बॅकबेपर्यंत गेली. ते बॅकबे स्थानक आज कोठे आहे? 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अरुंदमापी गाडी बार्शी रोडवरून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, निघाली. तो मार्ग पुढे रुंदमापी झाला. वऱ्हाडातील शकुंतला गाडीचे रूळ अनेकांनी पाहिले असतील. लोकनकाशात रूळ शिल्लक असून गाडी बंद असेल तर त्यास वेगळी पट्टी, आणि रूळ उखडले पण मातीचा भराव उरला असेल तर आणखी वेगळी. जमिनीवर काहीच खूण उरली नसेल तर ते या नकाशाचे काम नव्हे. इतिहासातील नकाशांसाठी निराळा प्रकल्प आहे. परंतु भराव, जुनी मोरी, पडकी केबिन अशी खूण दिसत असेल तर ती गावातील वृद्धांना विचारून जरूर नोंदावी. खानदेशातील नवापूर स्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे. राज्याची सीमा फलाटावरून जाते. तेथील शिक्षकांचा मला हेवा वाटतो.

त्या हॉल्टजवळच्या वस्तीचे काय झाले, असे आपण विचाराल. सुटी संपवून आल्यावर तेथील शिक्षिकाबाईंना मी ही सर्व हकीगत सांगितली. त्यांनी मुलांकडून कागद भरून घेतला, मी स्वतः जाऊन तो पडताळून पाहिला, या वेळी प्रत्यक्ष पायी. मग फाटक काढले, भुयारी रस्ता घातला, पावसाळ्यात तेथे पाणी भरते ही टीप जोडली, आणि हॉल्टच्या मराठी नावातील चुकलेली वेलांटी सुधारली. ज्या वाहनचालकाचा नकाशा त्या रात्री चुकला, त्याच्या मोबाइलवर हा नकाशा होता की दुसरा, मला ठाऊक नाही. दुसरा असेल तर आमची दुरुस्ती त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचणार नाही. म्हणून आम्ही त्या नकाशाच्या दोन प्रती छापल्या. एक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावली आहे, दुसरी शाळेच्या ओसरीवर.

पुढील महिन्याच्या केंद्रसभेस येताना, ज्यांना इच्छा असेल त्यांनी आपल्या जवळच्या स्थानकाचा वा हॉल्टचा असा एक कागद बरोबर आणावा. स्थानक जवळ नसेल त्यांनी एसटीच्या थांब्याचा आणला तरी चालेल. मीही माझा वाकोल्याचा कागद आणीन. त्यावर खोडाखोड पुष्कळ आहे, ती पाहून आपणांस धीर येईल.